गवताच्या गंजीखालचा निश्चय

शिक्षण संपलें कीं पुढें काय करावयाचें, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्यापुढें उभा राहतो. श्रद्धाळू विद्यार्थ्यापुढें त्याला आणखी एक फांटा फुटतो. आपणांस रुचेल तें करावें, कीं ईश्वर ज्या कार्यास बोलावीत आहे तें करावें? आणि ती हांक खरी, हें ओळखावें कसें? अमेरिकेंतील एका लहानशा कॉलेजांत या प्रश्नाचें जें उत्तर शोधलें गेलें, त्याचे पडसाद थेट मुंबईस व नगरास उमटले.

मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील विल्यम्स कॉलेजचे पांच विद्यार्थी १८०६ च्या ऑगस्टमध्यें एका शनिवारीं प्रार्थनेसाठीं शेतांत जमले होते. एकाएकीं वादळी पाऊस आला, तेव्हां त्यांनीं गवताच्या गंजीचा आसरा घेतला. बोलणें आशिया खंडाविषयीं निघालें. सॅम्युएल मिल्स या तेवीस वर्षांच्या तरुणानें तिकडे धर्मोपदेशक पाठवावे असा विचार मांडला. हार्वे लूमिस यानें विरोध केला. तेथें आधीं सुधारणा पोंचावी, उपदेशक मागाहून जावे, असें त्याचें म्हणणें होतें. इतरांस तें पटलें नाहीं.

क्षणिक आवेशावर मात्र मिल्सची भिस्त नव्हती. १८०८ सालीं त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं एक गुप्त मंडळ स्थापिलें व त्याचे नियम सांकेतिक लिपींत लिहिले. सभासदानें प्रार्थनापूर्वक विचार करावा, बांधवांचा सल्ला घ्यावा आणि या कार्याच्या आड येईल अशा कोणत्याहि बंधनांत गुंतूं नये, असा त्यांतील एक नियम होता. एकट्याच्या मनास जें वाटलें, तें इतरांच्या विचाराच्या कसास लावून पाहावयाचें, हें त्यांतील मर्म. पुढें अँडोव्हर येथील धर्मशिक्षणसंस्थेंतील विद्यार्थ्यांनीं वडीलधाऱ्या धर्मगुरूंपुढें अर्ज ठेवला. आमचा बेत निव्वळ कल्पनातरंग तर नाहीं ना, असा त्यांचा नम्र प्रश्न होता. त्यांतूनच २९ जून १८१० रोजीं अमेरिकन बोर्ड जन्मास आलें.

विल्यम्सचाच पदवीधर गॉर्डन हॉल हा १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरला. कंपनी सरकारनें त्यास घालवून देण्याचें ठरविलें. परंतु गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे त्यानें चिकाटीनें अर्ज केले व अखेर राहण्याची परवानगी मिळविली. तो मराठी शिकला, शाळा काढल्या. १८२६ च्या मार्चमध्यें, नाशिककडील प्रवासांत पटकीच्या रोग्यांस औषध देतां देतां, त्या रोगानेंच तो वारला. त्याचें वय अवघें एकेचाळीस होतें.

मिल्स स्वतः हिंदुस्थानांत कधींच आला नाहीं. आफ्रिकेहून परततांना १८१८ सालीं समुद्रावरच त्याचा अंत झाला. इतरांस वाट दाखवून देणें एवढेंच त्याच्या वांट्यास आलें.

हॉलच्या हयातींत धर्मांतरें अगदींच थोडीं झालीं. मिशनच्या शाळांनीं मात्र मूळ धरलें. नगरच्या फरार बाईंची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांस स्फूर्ति मिळाली आणि १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. गंजीखालीं लूमिसनें आधीं सुधारणा हवी असें म्हटलें होतें. त्याचें बोलणें त्या दिवशीं मागें पडलें. पण महाराष्ट्रांत मिल्सच्या सोबत्यांकडून जें टिकाऊ कार्य घडलें, तें पुष्कळ अंशीं लूमिसला हवें होतें तेंच होतें.