प्लेऑफ बेसबॉल : एका ‘चोरी’ची किंमत

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ साखळीत १६२ सामने खेळतो. तेथे एका पराभवाचे विशेष काही वाटत नाही. ऑक्टोबरमधील प्लेऑफ मालिकांत मात्र प्रत्येक चेंडूला मोल येते. शिवाय बदललेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरू शकत नाही. त्यामुळे राखीव खेळाडू नेमका केव्हा वापरायचा, यात व्यवस्थापकाची कसोटी लागते.

१७ ऑक्टोबर २००४ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कवर अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतील चौथा सामना सुरू झाला. न्यूयॉर्क यांकीज संघ मालिकेत ३-० आणि नवव्या डावात ४-३ असा पुढे होता. पिचर मारियानो रिव्हेराने चार चेंडू बाहेर टाकल्याने रेड सॉक्सच्या केविन मिलारला पहिला बेस आयता मिळाला. व्यवस्थापक टेरी फ्रँकोना यांनी त्याच्या जागी चपळ डेव्ह रॉबर्ट्सला धाडले. तो दुसऱ्या बेसकडे पळणार, हे उघड होते. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला रोखून पाहिले. पण फलंदाजाला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्सने दुसरा बेस ‘चोरला’! बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरी झाली आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर, बाराव्या डावात, डेव्हिड ऑर्टिझच्या होमरनने रेड सॉक्सने सामना ६-४ असा जिंकला.

०-३ अशा पिछाडीवरून मालिका जिंकणारा तो मेजर लीगमधील पहिला संघ ठरला. पुढे त्याने १९१८ नंतर प्रथमच वर्ल्ड सीरिजही जिंकली. त्या वर्ल्ड सीरिजमध्ये रॉबर्ट्स एकदाही मैदानात उतरला नाही.