खाज हरवलेली खरूज

मराठीत खाजेला प्रतिष्ठा नाही. नसती उठाठेव करणाऱ्याला खाज असते असे आपण म्हणतो, आणि खरूज झालेल्याला दोन हात दूर बसवतो. वैद्यकाच्या इतिहासातही खरजेला देवी, पटकी, प्लेग यांच्या पंक्तीत पान मिळालेले नाही. तरीही या क्षुद्र रोगाचा एक अवतार असा आहे, की ज्याच्या इतिहासातून समाजाने कोणाकोणाला वळचणीला टाकले याची यादीच हाती यावी.

खरजेचा आठ पायांचा सूक्ष्म जीव 1687 साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला व तोच रोगाचे कारण असल्याचे सांगितले. विद्वानांना ते पटायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. 1834 मध्ये पॅरिसमध्ये रेनुची या कॉर्सिकन विद्यार्थ्याने सुईच्या टोकाने हा जीव कातडीतून काढून दाखवला, तेव्हा वाद मिटला. ही युक्ती त्याने कोणत्या ग्रंथातून घेतली नव्हती. त्याच्या बेटावरच्या बायका ती पूर्वापार करीत आल्या होत्या.

पुढे 1848 मध्ये नॉर्वेतील डॅनिएल्सन आणि बेक यांनी कुष्ठरोग्यांच्या अंगावर जाड खपल्यांची एक विलक्षण खरूज वर्णिली. 1862 साली व्हिएन्नाच्या हेब्राने तिला 'नॉर्वेजियन' हे नाव दिले. नाव चुकलेच, असे आम्हांस वाटते. जीव निराळा नव्हता आणि देशाचाही दोष नव्हता. निराळे होते ते शरीर. निरोगी माणसाच्या अंगावर असे दहा-पंधरा जीव असतात. खाज सुटते, माणूस खाजवतो, शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना आवर घालते. जिथे ही शक्ती खचते किंवा त्वचेची संवेदनाच जाते, तिथे त्यांची संख्या हजारांवर, कधी लाखांवर जाते. आणि विपरीत असे, की खाज बहुधा कमी असते वा मुळीच नसते. पहारेकरीच झोपी जातो. गळणाऱ्या खपल्यांतून मात्र शेजारच्या खाटेवर, परिचारिकेच्या हातांवर रोग पोचतो.

विसाव्या शतकात हाच रोग मनोरुग्णालयांत व वृद्धाश्रमांत दिसला. मग एड्सच्या वॉर्डांत, मूत्रपिंड रोपण झालेल्यांत आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत. महाराष्ट्राने एड्सचा मोठा आघात सोसला. 1 एप्रिल 2004 रोजी सरकारी खर्चाने एचआयव्हीवरील औषधे देण्यास प्रारंभ झाला, त्यातील आरंभीच्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. तोवर गरिबाच्या खचलेल्या प्रतिकारशक्तीला आधार जवळजवळ नव्हताच.

कोल्हापूरकरांना कुष्ठधाम म्हटले की शेंडा पार्क आठवतो. पण या इतिहासाचा आजचा प्रश्न आम्हांस शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिरोली एमआयडीसीत दिसतो. फौंड्रीत भट्टीपुढे राबणारे परप्रांतीय कामगार एकेका खोलीत अनेक जण राहतात. पाळी संपवून आलेला, पाळीवर गेलेल्याच्या अंथरुणावर टेकतो. खाज आली की दुकानातून चिठ्ठीविना स्टेरॉइडचे मलम आणले जाते. खाज निवते, जीव मात्र वाढत राहतात. म्हणजे बर्गनच्या कुष्ठरोग्याच्या बाबतीत जे रोगाने केले, ते इथे मलम करते: सूचना देणारी घंटा तेवढी बंद पडते. त्यातच मधुमेह, एचआयव्ही वा कुपोषण असेल, तर साध्या खरजेची खपल्यांची खरूज व्हायला वाव मिळतो.

उपाय नाही असे नाही. पर्मेथ्रिन आहे, आणि जपानी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून निघालेले आयव्हरमेक्टिन आहे, ज्याच्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्पबेल यांना 2015 चे नोबेल मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. पण औषध एकट्याला देऊन भागत नाही. खोलीतल्या सर्वांना एकाच वेळी द्यावे लागते, कपडे-अंथरूण कढत पाण्यात धुवावे लागते. त्यासाठी खोलीत किती माणसे राहतात हे आधी कोणी मोजायला हवे. ठेकेदाराच्या हजेरीपटावर माणूस असतो, त्याचे अंथरूण नसते.

खरूज ही कातडीची गोष्ट असे आपण समजतो. तिचा इतिहास मात्र सांगतो, की ती शेजाराची गोष्ट आहे. ज्याला दोन हात दूर बसवले, त्याच्याकडेच आधी जावे लागते.