पीएचआर परीक्षा आणि तिची तयारी

पीएचआर परीक्षा : मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांसाठी अमेरिकेत घेतली जाणारी व्यावसायिक प्रमाणपत्र परीक्षा. पूर्ण नाव ‘प्रोफेशनल इन ह्युमन रिसोर्सेस’. ती घेणाऱ्या एचआरसीआय या संस्थेची सुरुवात १९७३ मध्ये, अमेरिकेतील कार्मिक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने झाली. ही संघटना पुढे ‘एसएचआरएम’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिने २०१४ मध्ये स्वतःचे वेगळे प्रमाणपत्र जाहीर केले. तेव्हापासून उमेदवारापुढे दोन वाटा आहेत. ‘एसएचआरएम’च्या परीक्षेत प्रसंग देऊन निर्णयक्षमता तपासण्यावर भर असतो, तर पीएचआरमध्ये रोजचे कामकाज आणि अमेरिकेचे संघीय कामगार कायदे यांना अधिक वजन आहे.

परीक्षेला बसण्यासाठी अनुभव लागतो. पदव्युत्तर पदवी असल्यास एक वर्ष, पदवी असल्यास दोन वर्षे आणि पदवी नसल्यास चार वर्षे, तोही एचआरच्या जबाबदारीच्या पदावरचा. नवख्यांसाठी एपीएचआर, वरिष्ठांसाठी एसपीएचआर आणि अमेरिकेबाहेर काम करणाऱ्यांसाठी पीएचआरआय अशा वेगळ्या परीक्षा आहेत. पुण्यातल्या कंपनीत काम करणाऱ्याला बहुधा पीएचआरआय सोयीची, कारण तिच्यात अमेरिकी कायद्यांचा भार नाही. अमेरिकेतच नोकरी करायची असेल, तर पीएचआर अधिक उपयोगाची.

प्रश्नपत्रिका संगणकावर सोडवायची असते. वेळ दोन तास, प्रश्न ११५. त्यांपैकी ९० प्रश्नांचेच गुण धरतात. उरलेले २५ पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहायचे असतात, पण ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. गुण १०० ते ७०० या श्रेणीत देतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५०० लागतात. एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट मिळते, म्हणून अडलेला प्रश्न खूण करून पुढे जाण्याची सवय घरीच लावून घ्यावी.

अभ्यासाचा गाभा कायदा हाच आहे. कलमे घोकून मात्र भागत नाही. कोणता कायदा किती माणसांच्या आस्थापनेला लागू होतो, हे आधी पक्के करावे लागते. वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून भेदभावाला मनाई करणारा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सातवा भाग १५ कर्मचाऱ्यांपासून लागू होतो, चाळीस किंवा त्याहून अधिक वयाच्यांना संरक्षण देणारा १९६७ चा कायदा २० पासून, कौटुंबिक व वैद्यकीय रजेचा १९९३ चा कायदा ५० पासून, आणि सामूहिक कपातीपूर्वी ६० दिवसांची नोटीस मागणारा १९८८ चा कायदा १०० पासून. प्रश्नात ‘कंपनीत ४२ माणसे आहेत’ असे सहज लिहिलेले असते. उत्तर बहुतेक वेळा त्या आकड्यातच दडलेले असते.

भारतात एचआरचे काम केलेला, आता न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये स्थायिक झालेला मराठी उमेदवार इथेच चुकतो. त्याला कामगार कायदे ठाऊक असतात, पण ते आपले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दर ठरवला. अमेरिकेचा १९३८ चा वेतन कायदा फक्त आठवडा मोजतो. ४० तासांपुढे दीडपट, दिवसाची मर्यादा नाही. तासाला २० डॉलर घेणारा कामगार चार दिवस रोज दहा तास राबला, तर त्याचा ओव्हरटाइम शून्य. तोच आठवड्यात ४६ तास राबला, तर ४० तासांचे ८०० आणि सहा तासांचे १८०, असे ९८० डॉलर. कॅलिफोर्नियात दिवसाचा हिशेबही चालतो, पण तो त्या राज्याचा कायदा. परीक्षा संघीय कायद्यावर असते. रजेचेही तसेच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतात २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळू लागली. अमेरिकेच्या कायद्यात १२ आठवडे, तेही बिनपगारी, आणि १२ महिने नोकरी व १,२५० तास काम झाले असेल तरच. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे : ‘मॅनेजर’ हा हुद्दा दिला म्हणून कोणी कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही, प्रत्यक्ष काम पाहिले जाते.

भरतीच्या प्रकरणात चार-पंचमांशाचा नियम हमखास येतो. ८० पुरुषांनी अर्ज केले, ४८ निवडले गेले, म्हणजे ६० टक्के. ४० स्त्रियांपैकी १२ निवडल्या गेल्या, म्हणजे ३० टक्के. तीसला साठने भागले की ५० टक्के येतात. हे ८० टक्क्यांच्या खाली असल्याने निवडपद्धतीचा एका गटावर विपरीत परिणाम होत असल्याचे प्राथमिक लक्षण मानतात. हेतू वाईट नसला तरी परिणाम तपासला जातो, ही भूमिका अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटल्यात घेतली. हा निकाल नीट समजून घेतला की भेदभावाच्या प्रकरणाचा बराचसा भाग आपोआप उलगडतो. म्हणून गाइडमधल्या दोन ओळींवर समाधान न मानता तो सविस्तर वाचावा.

वेतनरचना, प्रशिक्षण आणि कामगिरीचे मूल्यमापन हे भाग अनुभवी माणसाला सोपे जातात. तिथे फक्त संज्ञा जुळवून घ्याव्यात.

नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्याने तीन-चार महिने हाताशी ठेवावेत. सुरुवात एचआरसीआयने प्रसिद्ध केलेल्या विषयसूचीपासून करावी. ती काही वर्षांनी बदलते आणि विषयांचे वजनही बदलते, म्हणून मित्राकडून आलेल्या जुन्या गाइडवर विसंबणे धोक्याचे. सराव प्रश्न सोडवताना बरोबर पर्याय कोणता एवढ्यावर न थांबता उरलेले तीन का चुकीचे, हे लिहून काढावे. प्रश्नात ‘सर्वप्रथम काय कराल’ असे विचारलेले असते तेव्हा चारही कृती योग्य असू शकतात आणि क्रमच तपासला जातो. तक्रार आली की आधी तिची दखल घेऊन चौकशी करायची, शिक्षेचा विचार त्यानंतर.

प्रमाणपत्र तीन वर्षे वैध असते. त्या मुदतीत ६० श्रेयांक मिळवून ते नूतनीकृत करावे लागते, नाहीतर पुन्हा परीक्षा द्यावी लागते.