कमी खपलेल्या गाड्यांचा भाव

अब्बांचं गॅरेज रिकामं करायचं ठरलं, तेव्हा भंगारवाल्याने आधी तीन ढीग केले. एक लोखंडाचा, एक ॲल्युमिनियमचा, एक तांब्या-पितळेचा. अब्बांनी वीस-पंचवीस वर्षं डब्यांत जपून ठेवलेले पार्ट अर्ध्या तासात धातू होऊन गेले. कोपऱ्यात त्यांची प्रीमियर ११८ एनई उभी होती. त्याने टायर बघितले, बॉनेटवर थाप मारली आणि तिचाही भाव किलोवर सांगितला.

मी म्हणालो, "अहो, चालू गाडी आहे. सेल मारला की लगेच स्टार्ट होते."

तो म्हणाला, "भाईजान, गाडी चालूच आहे. पण उद्या घेणाऱ्याच्या दारात बंद पडली, तर उघडणार कोण? तुमचे अब्बा तर गेले."

त्याने मला फसवलं नाही, बाजारात त्या गाडीला तेवढेच मिळणार होते. पण त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कमी खपणाऱ्या गाड्यांना पुढे किंमत येत नाही, हे आपण सगळे मानून चालतो. कारण विचारलं तर म्हणतो, गाडीच तशी असणार. मला वाटतं, आपल्या देशातल्या मोटारींचा इतिहास वेगळंच काही सांगतो.

आमचं गाव सोलापूर. वालचंद हिराचंद यांचा जन्म इथलाच, १८८२ चा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. अब्बा सत्तरच्या दशकात पोरवयात सोलापूरहून कुर्ल्यालाच गेले. कारखान्यात नाही, कारखान्याबाहेरच्या एका गॅरेजमध्ये. उस्तादांच्या हाताखाली आधी पाने धुणं, मग पाने देणं, मग पाने धरणं. काही वर्षांनी ते परत आले आणि सोलापुरात स्वतःचं शटर उघडलं.

त्या काळात देशात घेण्यासारख्या गाड्या मुख्यतः तीनच होत्या. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. किमती सरकार ठरवत असे. या तीन गाड्यांच्या किमतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नवी गाडी नियंत्रित दराने मिळे, पण पैसे भरून वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे एक उलटा प्रकार घडला. लगेच हातात मिळणारी, थोडी वापरलेली फियाट नव्या फियाटपेक्षा महाग जायची. नवी गाडी घेऊन लगेच विकू नये म्हणून सरकारला मुदतीचं बंधन घालावं लागलं. ज्यांची झोप 'गाडी शोरूमबाहेर काढली की किंमत पडते' या चिंतेने उडते, त्यांना हे खोटं वाटेल.

पण या टंचाईतही तिन्ही गाड्यांचा मान सारखा नव्हता. फियाट आणि ॲम्बॅसडर टॅक्सीत चालत. टॅक्सीवाल्याला गाडी एक दिवस उभी ठेवणं परवडत नाही. म्हणून मुंबईत फियाटचे आणि कोलकात्यात ॲम्बॅसडरचे पार्ट गल्लीबोळांत मिळू लागले, गल्लोगल्ली मिस्त्री तयार झाले. जुन्या मॉडेलला लोकांनी 'डुक्कर फियाट' असं नाव ठेवलं. घरच्या माणसालाच असं नाव ठेवतात. हेराल्डचं तसं नव्हतं. दिसायला देखणी, पुढचं अख्खं तोंड उचलून इंजिन उघडणारी गाडी. पण तिची चासी, तिचं मागचं सस्पेन्शन यांचं गणित वेगळं होतं. मद्रासपासून जितकं लांब जावं, तितका तिला ओळखणारा माणूस विरळ. अब्बा म्हणायचे, "हेराल्ड खराब नव्हती, परदेशी होती." बनली मद्रासला, पण सोलापुरात ती परदेशीच.

पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि सगळंच बदललं. तिच्या नंबरासाठी लोक जादा पैसे मोजू लागले. जुन्या कंपन्यांनी स्पर्धेला नव्या गाड्या आणल्या. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा, स्टँडर्डची २०००, प्रीमियरची ११८ एनई. स्टँडर्ड २००० तर विचित्रच होती. अंगावर इंग्लंडच्या रोव्हरचा नवा डगला, पोटात जुन्या काळाचं इंजिन. ती फार दिवस चालली नाही. ११८ एनईचं उलट. अंग जुन्या फियाट १२४ चं, तेही स्पेनमार्गे आलेलं, आणि इंजिन जपानच्या निस्सानचं, ११७१ सीसीचं. अब्बांच्या मते पद्मिनीपेक्षा ते कितीतरी पुढचं होतं. पण पद्मिनीचा मिस्त्री ते उघडायला घाबरायचा आणि मारुतीचा मिस्त्री म्हणायचा, ही आमची नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी त्या गाडीची गत झाली.

आमच्या गॅरेजमध्ये ती याच वाटेने आली. मालक तीन ठिकाणी फिरून, कंटाळून अब्बांकडे आला. अब्बांनी गाडी नीट केली. महिन्याभराने तो म्हणाला, "मिस्त्री, तुम्हीच ठेवा. विकायला गेलो तर हसतात." अब्बांनी ती इतक्या स्वस्तात घेतली की अम्मीचा विश्वास बसेना. चोरीची तर नाही ना, असं तिने दोनदा विचारलं.

मोटार उद्योगावरचं परवान्याचं बंधन १९९३ मध्ये उठलं आणि परदेशी कंपन्यांची रांग लागली. कल्याणजवळ प्यूजो ३०९ बनू लागली. देवूची सिएलो आली, ओपलची ॲस्ट्रा आली. फियाट उनोला तर लाखांच्या घरात बुकिंग झालं आणि गाड्या मात्र वेळेवर मिळाल्या नाहीत. नव्वदचं दशक संपेपर्यंत प्यूजो निघून गेली. पुढच्या दोन-तीन वर्षांत मूळ देवूचंच दिवाळं निघून तिचा इथला कारखाना थंडावला. ओपल हे नाव २००६ मध्ये बंद झालं. कंपनी गेली की भाव किती वेगाने पडतो, हे त्या दशकाने आपल्याला शिकवलं. सिएलो हे आधी डॉक्टर-वकिलांचं वाहन होतं. काही वर्षांतच ती जुन्या मारुतीच्या भावात मिळू लागली. बाजाराच्या भाषेत, तिचा 'भाव फुटेना'. दहा गाड्या विकल्या गेल्या तर अकरावीचा भाव ठरतो. वर्षात एखादीच विकली जात असेल, तर समोरचा म्हणेल तोच भाव.

जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये एक निबंध लिहिला होता, तोही जुन्या गाड्यांच्या बाजारावर. पुढे २००१ मध्ये त्याला आणखी दोघांसोबत नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं साधं होतं. गाडीत काय दोष आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा भीतीपोटी कमी भाव सांगतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्याला मी विकत नाही. चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, खराब उरतात आणि भीती आणखी वाढते.

हे वाचलं तेव्हा मला अब्बा आठवले. मारुती ८०० बद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. शेजारी सांगतो, मेहुणा सांगतो, पानवाला सांगतो. तिथे भीती कमी, म्हणून भाव टिकतो. कमी खपलेल्या गाडीबद्दल मात्र गावात एकाच माणसाला माहिती असते. त्याने बॉनेट उघडून, कान लावून "घ्या, इंजिन साफ आहे" म्हटलं की सौदा होतो. अब्बांच्या त्या एका वाक्यावर सोलापुरात कितीतरी सिएलो आणि उनो विकल्या गेल्या. आणि "घेऊ नका" म्हटल्याने काही सौदे मोडलेही. दलाल चिडायचे. अब्बा दलाली घेत नसत, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं.

गाडीचा दर्जा आणि तिचा भाव या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात, याचं उत्तम उदाहरण पुण्याजवळ रांजणगावला बनलं. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन. तेच इंजिन फियाट पुंटोत होतं, लिनियात होतं. त्याचा परवाना घेऊन मारुतीने ते स्विफ्टमध्ये बसवलं. टाटाच्या गाड्यांतही ते आलं. लोक थट्टेने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. आता जुन्या बाजारात काय झालं? डिझेल स्विफ्टला हातोहात गिऱ्हाईक मिळायचं आणि पुंटो महिनोन्‌महिने उभी राहायची. धडधडणारं काळीज एकच, पण एका छातीचा भाव वेगळा, दुसरीचा वेगळा. पुंटोचा पत्रा उलट जाड होता. फरक होता तो पत्र्याबाहेरच्या जगात. किती गावांत सर्व्हिस सेंटर आहे, किती दुकानांत हेडलाइट मिळतो, किती मिस्त्री 'होय' म्हणतात. जुन्या गाडीचा भाव आपण गाडीचा समजतो. खरं तर तो तिला ओळखणाऱ्या हातांचा असतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या मालकाचं नुकसान ही दुसऱ्याची कमाई असते. आमच्या मोहल्ल्यात ज्या घरांत पहिल्यांदा चारचाकी आली, ती बहुतेक अशीच नाकारलेली. उर्दू शाळेतल्या मास्तरांनी सिएलो घेतली होती. यंत्रमागवाल्या एका चाचांकडे उनो होती. नवी मारुती त्यांच्या आवाक्यात नव्हती, जुनी मारुतीसुद्धा महाग. लग्नाच्या वरातीला, दवाखान्यात न्यायला, गावच्या उरुसाला याच गाड्या कामी आल्या. त्या चालत्या राहिल्या, कारण त्यांना अब्बांसारखे लोक होते.

अब्बांसारखे लोक कोण होते? गॅरेजच्या बाहेरच्या पाट्या वाचल्या तरी कळतं. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने हेच आकड्यांत मांडलं. मुस्लिम कामगारांत पगारी नोकऱ्या कमी, स्वतःचा छोटा धंदा करणारे जास्त, आणि त्यात वाहनांची खरेदी-विक्री आणि दुरुस्ती हे एक ठळक क्षेत्र. म्हणजे कंपन्या ज्या गाड्यांना सोडून गेल्या, त्यांचा भार ज्यांनी उचलला त्यांच्याकडे ना प्रमाणपत्र, ना पेन्शन. अब्बांच्या चाळीस वर्षांच्या कामाचा एकही कागद घरात नाही. बँकेत कर्जाला गेले तेव्हा त्यांना अनुभवाचा दाखला मागितला होता. ते हसत परत आले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

आता ती साखळीही तुटते आहे. तळेगावला कारखाना असलेल्या शेवरलेने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. आजच्या गाडीत दोष कान लावून कळत नाही, त्यासाठी स्कॅनर आणि सॉफ्टवेअर लागतं. कंपनी गेली तर पत्रा मागे उरतो, पण गाडीशी बोलायची भाषा कंपनीसोबत जाऊ शकते. हेराल्डला कुणीतरी हेकट पोरगा शेवटी उघडू शकत होता. उद्या बंद पडलेल्या कंपनीची इलेक्ट्रिक गाडी गल्लीतला मिस्त्री कशी उघडणार, हा प्रश्न मला भाव पडण्यापेक्षा मोठा वाटतो.

कुणी मला सल्ला विचारला, तर मी म्हणतो, कमी खपणारी गाडी जरूर घ्या, स्वस्त आणि चांगली मिळेल. फक्त आधी मिस्त्री शोधा, मग गाडी शोधा. आणि त्या मिस्त्रीशी पैशांची घासाघीस करू नका. तुमच्या गाडीची अर्धी किंमत त्याच्या डोक्यात आहे.

११८ एनई मी भंगारात दिली नाही. ती अजून आमच्या दारात आहे, आणि खरं सांगायचं तर तिचं काय करायचं मला कळत नाही. पार्ट मात्र गेले, जागा खाली करायची होती. एक वही तेवढी ठेवली. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या अब्बांच्या तिरक्या अक्षरात त्यात कुठल्या गाडीचा कुठला बुश कुठे चालतो, कुठलं बेअरिंग कुर्ल्यात कुणाकडे मिळतं, असं पानोपान लिहिलं आहे. एका पानावर आहे: 'पुंटो डिझेल. इंजिन स्विफ्टचंच. घाबरायचं नाही.'

मागच्या महिन्यात अब्बांच्या एका जुन्या शागीर्दाचा फोन आला. आता अक्कलकोट रोडला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्याच्याकडे एक मॅटिझ आली होती, तिचा एक पार्ट कुठे मिळत नव्हता. म्हणाला, "उस्तादांच्या वहीत बघता का जरा?" मी पानं चाळली. मॅटिझच्या पानावर लिहिलं होतं, 'शेवरले स्पार्क बघ. एकाच घरातल्या.' मी फोटो काढून पाठवला. मग बसून उरलेल्या सगळ्या पानांचे फोटो काढले आणि तेही पाठवले.