इंचाचा सोळावा हिस्सा



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया आणि तहनामे उभे राहतात. माझे आयुष्य कामगार चळवळीत गेले आणि शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात व यंत्रांच्या शेजारी. तेव्हा आज मी इतिहास सांगणार आहे तो एका लोखंडी दांड्याचा. मोटारीच्या इंजिनातला हा दांडा, त्याचे नाव कॅमशाफ्ट.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला निदान दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत येते, दुसऱ्यातून जळलेला वायू बाहेर जातो. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते व्हॉल्व्हला दाबून उघडतात. व्हॉल्व्ह किती उघडतो तिला आपण उचल म्हणू, आणि किती वेळ उघडा राहतो तिला मुदत म्हणू. इंजिनाचा स्वभाव पुष्कळसा या दोहोंवर ठरतो. जुनी शर्यती बाण्याची गाडी नव्याने बांधणाऱ्या हौशी माणसापुढे पहिला पेच पडतो तो हाच की, कॅमशाफ्ट कोणता घालावा? या पेचाचे उत्तर शोधायचे तर इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरात जावे लागते.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या शहराची राखरांगोळी केली. युद्धकाळात तेथल्या कारखान्यांत आगीवर नजर ठेवण्यासाठी रात्रीच्या पाळ्या असत. एसएस कार्स या कंपनीचे प्रमुख विल्यम लायन्स यांनी आपली पाळी हेन्स, हॅसन आणि बेली या अभियंत्यांबरोबर लावून घेतली. बाहेर काळोख आणि आत युद्धानंतरच्या इंजिनाची चर्चा, अशा त्या रात्री गेल्या. १९४५ साली कंपनीचे नाव जॅग्वार झाले, आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ‘एक्सके १२०’ ही गाडी लोकांपुढे आली. तिचे सहा सिलिंडरांचे इंजिन ३४४२ घनसेंटिमीटरचे आणि १६० अश्वशक्तीचे होते. डोक्यावर एक सोडून दोन कॅमशाफ्ट होते. एक आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, दुसरा बाहेर सोडणाऱ्यांचा. ही रचना प्यूजो कंपनीने १९१२ सालीच शर्यतीत आणली होती. परंतु जे शर्यतीच्या मैदानात चालते ते डॉक्टर-व्यापाऱ्यांच्या घरच्या गाडीत बसवणे, हे धाडस निराळे. कारण हे इंजिन मुळात योजले होते ते मोठ्या बंदिस्त गाडीसाठी, जी १९५० साली ‘मार्क सेव्हन’ म्हणून आली.

आता मुख्य मुद्दा. हॅरी वेस्लेक यांच्या साहाय्याने घडवलेले या इंजिनाचे डोके अधिक उचल पेलू शकत होते. ३/८ इंच उचल त्याला सहज मानवली असती. तरी पहिल्या गाड्यांना ५/१६ इंचाचीच दिली. फरक इंचाच्या सोळाव्या हिश्शाचा! हाती असलेली ताकद का सोडली? त्याचे एक कारण आम्हा कामगार मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. या इंजिनाचे व्हॉल्व्ह एकमेकांकडे कललेले आहेत. साखळी जागेवर आहे तोवर दोन्ही कॅमशाफ्ट एका तालात फिरतात. पण डोके उतरवताना साखळीची चक्रे सोडवावी लागतात. त्या वेळी एखाद्या नवख्या फिटरने एकच दांडा फिरवला, तर एका बाजूचा उघडा व्हॉल्व्ह दुसऱ्या बाजूच्या व्हॉल्व्हवर आदळून वाकतो. उचल कमी, तर हा धोका कमी. म्हणजे दूर कोठे तरी, अपुऱ्या उजेडात दुरुस्ती करणाऱ्या अनोळखी माणसाचा हात नकाशा काढतानाच हिशेबात धरला होता. कंपन्यांच्या इतिहासात असे प्रसंग विरळा, म्हणून मी तो मुद्दाम सांगतो.

पुढे अनुभव आला तसा तो सोळावा हिस्सा परत घेतला. १९५१ साली ल मांची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने जिंकली. एक्सके १२० च्या खास आवृत्तीला ३/८ इंची कॅमशाफ्ट मिळाले आणि ताकद १८० अश्वशक्तीवर गेली. पण १९५५ च्या २.४ लिटरच्या लहान गाडीला पुन्हा ५/१६ इंचीच दिले. ज्याला उशिरा शहाणपण सुचते तो मागे फिरतो, तसे हे नव्हे. कामाप्रमाणे हत्यार, हाच त्यातला न्याय.

आता मुदतीकडे वळू. १९६१ च्या ‘ई-टाइप’ गाडीत आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टन वर पोहोचण्याच्या १५ अंश आधी उघडे आणि पिस्टन तळाला जाऊन आल्यावर ५७ अंशांनी मिटे. शर्यतीच्या कॅमशाफ्टमध्ये ही मुदत पुष्कळ वाढवतात, आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळही वाढतो. इंजिन भरधाव असताना आत येणाऱ्या मिश्रणाला स्वतःचा वेग असतो. त्या वेगाने सिलिंडर भरतो आणि ताकद वाढते. पण मंद चालीत तो वेग नसतो. मग आलेले मिश्रण मागे लोटले जाते, जळका वायू आत शिरतो, आणि गाडी चौकात उभी राहिली की धडधडते, गुदमरते. वरच्या टोकाला मिळालेले खालच्या टोकातून वजा होते. फुकट काहीच मिळत नाही, हा पगाराच्या वाटाघाटीतला नियम इंजिनालाही लागू आहे.

अश्वशक्तीचा मोठा आकडा डोळे दिपवतो. पण तो इंजिन अतिशय जोरात फिरत असतानाचा असतो, आणि रस्त्यावर आपण तेथे क्वचित जातो. १९६४ साली ई-टाइपचे इंजिन ३.८ वरून ४.२ लिटरचे झाले. जाहीर अश्वशक्ती तीच राहिली, २६५. मात्र ओढ २६० वरून २८३ पौंड-फुटांवर गेली. कागदावर बदल नाही, आणि घाटात मात्र आहे!

तेव्हा जुने इंजिन बांधणाऱ्याने प्रथम स्वतःला विचारावे : गाडी शर्यतीला न्यायची की रविवारी कुटुंबाला घेऊन फिरायची? फिरायची असेल, तर मूळची मुदत आणि ३/८ इंच उचल हा सरळ मार्ग; गाडी अगदी जुनी आणि मूळ रूपात राखायची असेल, तर ५/१६ इंचही कमी नाही. शर्यती कॅमशाफ्ट घालायचा तर स्प्रिंगा, कार्ब्युरेटर, धुराड्याचे नळ, पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांमधले अंतर, सारेच पुन्हा तपासावे लागते. एकट्या कॅमशाफ्टने शर्यत जिंकली जात नाही.

आणि निवड कितीही चांगली असली तरी शेवटी काम हाताचेच. ई-टाइपमध्ये उंचवटा आणि टॅपेट यांमध्ये आत घेणाऱ्या बाजूला इंचाचे ४ सहस्रांश, बाहेरच्या बाजूला ६ सहस्रांश फट ठेवावी लागते. त्यासाठी एकेका सहस्रांशाने वाढत जाणाऱ्या चकत्या असतात. त्या मोजून, बदलून, पुन्हा मोजून बसवाव्या लागतात. घासलेल्या टॅपेटवर नवा कॅमशाफ्ट चढवला, तर तो थोड्याच दिवसांत खराब होतो.

या इंजिनाचे उत्पादन १९९२ पर्यंत चालले. ते ज्यांनी ओतले, कातले आणि जुळवले ते हात आता थकले, कित्येक निघून गेले. आज मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांच्या मिरवणुका निघतात, तेव्हा लोक मालकाचे नाव विचारतात. माझी एवढीच विनंती आहे की, पुढच्या खेपेला बॉनेट उघडून दाखवायला सांगा, आणि ते इंजिन कोणी बांधले हेही विचारा. त्या मिस्त्रीशेजारी एखादा पोरगा शिकायला उभा आहे की नाही, तेही पाहा. तो नसेल, तर पुढची निवड करायला कोणी उरणार नाही.