कुडाच्या भिंतीची कुळकथा

पूर्व विदर्भातल्या देवरी तालुक्यात चिचगडकडे निघालं की धानाच्या बांध्यांमधून गावं लागत जातात. रस्त्याकडेची घरं आता विटा-सिमेंटची, वर टिनाचे पत्रे. मागच्या बाजूला, गुरांच्या कोठ्याला किंवा जुन्या सैपाकघराला, अजून एखादी कुडाची भिंत उभी दिसते. तिचा लेप कुठे निघून आला असेल तर तिथे थांबून नीट बघावं. बाहेरून पांढऱ्या मातीचा पातळ पोतारा, त्याखाली शेणमातीचं सारवण, मग तणस (धानाचा पेंढा) मिसळलेला जाड गारा, आणि आत उभ्या-आडव्या विणलेल्या बांबूच्या कामट्या. लोखंडाचा तुकडाही नाही. कामट्या खांबांना बांधलेल्या असतात त्या पळसाच्या मुळांच्या वाखाने किंवा माहुलीच्या वेलाने.

घराला बाहेरून कोणतं आवरण टिकेल, हा प्रश्न हल्ली किनाऱ्यावर घर बांधणारे जास्त विचारतात, कारण खारा वारा आणि आडवा पाऊस तिथे काहीच सोडत नाहीत. देवरी समुद्रापासून शेकडो कोस आत आहे. तरी इथलाही पाऊस थोडाथोडका नाही, आणि झड लागली की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. या भिंतीने तो प्रश्न फार पूर्वी हाताळलेला आहे. किनाऱ्यावरची तिची भावंडंही त्याच वाटेने गेलेली आहेत.

कुडाचं खरं काम सुरू होतं ते बांबू तोडण्यापासून. या भागातल्या जंगलात मुख्य दोन जाती, मानवेल आणि कटांग. मानवेल बारीक, जवळजवळ भरीव; कटांग जाड, पोकळ आणि काटेरी. तोड करायची ती पावसाळा संपून थंडी पडल्यावर, आणि जुनी माणसं सांगत तशी अंधाऱ्या पंधरवड्यात. पंधरवड्याचं मी खात्रीने सांगणार नाही, पण हंगामाचं कारण पक्कं आहे. पावसाळ्यात नवे कोंब वाढत असताना कापलेल्या बांबूला भुंगा लवकर लागतो. त्याला हवी असते बांबूतली साखर आणि पिष्ट. म्हणूनच तोडलेले बांबू गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, काही आठवडे बुडवून ठेवतात. पाण्यात पिष्ट आंबून निघून जातं, बांबूला उग्र वास येतो, आणि भुंग्याला खायला फारसं काही उरत नाही.

मग चिखल. जवळची चिकण माती, त्यात बारीक केलेली तणस आणि शेण. हे कालवून लगेच लावत नाहीत. काही दिवस कुजू देतात, रोज पाणी घालून पायाने तुडवतात. तणस मऊ पडते आणि मातीला धरून ठेवते. भिंत वाळताना माती आकसते. तेव्हा एक मोठी भेग पडण्याऐवजी बारीक बारीक भेगा पडतात, आणि पुढच्या सारवणात त्या बुजतात. गारा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाबतात, म्हणजे कामट्यांच्या फटींतून आतला-बाहेरचा चिखल एकमेकांत अडकतो. सुकलेली माती बांबूतली ओल स्वतःकडे ओढून घेते आणि हवेला देऊन टाकते. भिंतीतला बांबू वर्षानुवर्षं कोरडा राहतो तो यामुळे. एकच अट असते: पाणी खालून चढता कामा नये आणि वरून थेट बसता कामा नये. म्हणून खाली दगडाचं जोतं, आणि वर इतकी पुढे आलेली वळचण की पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडाव्यात.

धान साठवायची ढोली याच हातांची आहे. बांबू विणायचा, शेणमातीने लिंपायचा. बाकीच्या महाराष्ट्रात तिला कणगी म्हणतात. भिंत आधी की ढोली आधी, हे कोणी ठरवू शकणार नाही, पण माझा कल ढोलीकडे आहे. दाणे उंदरापासून आणि ओलीपासून राखायची निकड माणसाला फार लवकर पडली असणार, आणि विणलेल्या टोपलीला चिखल लावून बघणं ही सुचायला सोपी गोष्ट.

ही रीत किती जुनी, याचा पुरावा मातीतच मिळाला आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातल्या तिथल्या घरांना मातीची ठेंगणी भिंत आणि तिच्यावर कूड होता. नर्मदेकाठच्या नावडातोलीतही खांब रोवून, बांबूच्या तट्ट्यांना माती लिंपून घरं उभी केलेली होती. घर जळालं की कुडाची माती भाजून निघते, आणि तिच्यावर काठ्यांचे ठसे कायमचे उमटतात. उत्खननात सापडणारे असे भाजके तुकडे हीच या भिंतीची वंशावळ.

किनारपट्टीच्या अंगाला बांबूची जागा कारवीने घेतली. पालघरकडच्या वारल्यांच्या घरांच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणमाती. तांदळाच्या पिठाची जगप्रसिद्ध चित्रं मुळात याच भिंतींवरची. कारवी अनेक वर्षांनी एकदाच फुलते आणि वाळून जाते. बांबूचंही तेच. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची भिंतसुद्धा पावसाळ्यात उघडी ठेवत नसत. माडाच्या झावळ्या विणून झापं करायची आणि पावसाच्या माऱ्याच्या बाजूला बांधायची. देवरीकडे हेच काम बुरडाने विणलेला तट्टा करतो. झड येते त्या अंगाला तो भिंतीबाहेर टांगतात. कुजला की नवा. आतली भिंत वाचावी म्हणून बाहेर मुद्दाम एक स्वस्त, बदलता येणारा थर झिजू द्यायचा, हा बाह्य आवरणाचा जुना आणि अजूनही सगळ्यात शहाणा विचार आहे.

पत्र्याची कथा याच्या उलट. हेन्री पामर या लंडनच्या गोदीतल्या इंग्रज अभियंत्याने १८२९ मध्ये नालीदार लोखंडी पत्र्याचं पेटंट घेतलं. लोखंडावर जस्त चढवायची कृती फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७ मध्ये नोंदवली, आणि पत्रा जहाजांतून जगभर पोचला. हलका, झटपट बसणारा, आगीला न भिणारा. पण समुद्राकाठी हवेतलं मीठ जस्त खाऊन टाकतं, आणि गंजायला सुरुवात होते ती खिळ्याच्या भोकापासून. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला आलं तेव्हा उडालेले पत्रे आपण सगळ्यांनी पाहिले. देवरीत मीठ नाही, पण पूर्व विदर्भाचा उन्हाळा आहे. पत्र्याच्या भिंतीआड मे महिन्यात दुपारी बसवत नाही. कुडाआड बसवतं.

मग कूड गेला कशाने? भिंत हरली म्हणून नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती; तोडायला परवाना, न्यायला पास. निस्ताराचे, म्हणजे घरच्या गरजेपुरतं जंगलातून आणायचे, हक्क होते, पण ते कागदावरून हातात यायला वेळ लागे. त्यात सरकारी नोंदीत माती-बांबूची भिंत म्हणजे कच्ची भिंत. घरकुल हवं तर कूड हे गरिबीचं लक्षण म्हणून नोंदवायचं, आणि घरकुल मिळालं की ते पुसायचं. ज्या बाईने दर दिवाळीला भिंत सारवली तिला पक्कं घर हवंसं वाटणं मला पूर्ण समजतं. सारवणाचे कष्ट तिचे होते. चूक आहे ती दुसरीच. उरलेल्या कुडावर लोक सिमेंटचा गिलावा चढवतात. सिमेंट कडक, माती मऊ. माती फुगते-आकसते, सिमेंट हलत नाही. फट पडते, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात आणि आतला बांबू कुजलेला निघतो. मग दोष कुडाच्या नावावर.

कायद्याचं चित्र आता बदललं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं, आणि २०११ मध्ये शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाच्या हाती बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक आलं. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, म्हणजे शेताच्या बांधावर लावलेलं बेट शेतकऱ्याचं.

तंत्राची बाजूही रिकामी नाही. १८९७ च्या भूकंपानंतर आसामात इकरा गवताच्या कुडाची हलकी घरं रूढ झाली. कोलंबियात २५ जानेवारी १९९९ च्या भूकंपात बांबूच्या कुडाची नीट राखलेली घरं तगली, आणि तिथल्या बांधकाम संहितेत या पद्धतीला जागा मिळाली. तिथे बांबूवर जाळी ठोकून वर सिमेंटचा गिलावा करतात. मातीचा मऊ गाभा मध्ये नसतो, म्हणून तो टिकतो. देवरीत जुनी मातीची भिंत राखायची असेल तर चुन्याचा गिलावा बरा, कारण तो ओल अडवून धरत नाही. नव्या कुडासाठी बांबू बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवावा. हे क्षार पावसाने धुऊन जातात, तेव्हा असा बांबू उघड्यावर ठेवू नये. तो लेपाखाली आणि वळचणीच्या आत हवा. जोतं दीड-दोन फूट, वळचण तीन फूट, आणि झडीच्या अंगाला बाहेरून तट्टा. तट्टे विणणारे बुरड अजून या भागात आहेत.