वाहनाचे वर्णन आणि विम्याची हमी : घरगुती कॅम्पर व्हॅनच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

माल वाहण्यासाठी बांधलेली व्हॅन विकत घ्यावी, तीत स्वतःच्या हाताने बिछाना, टेबल, शेगडी व कपाटे बसवावीत आणि तिचे फिरते घर करावे, ही प्रथा ब्रिटनमध्ये अनेक दशके रूढ आहे. अशा वाहनास कॅम्पर व्हॅन म्हणतात. वाहन आतून बदलते, परंतु सरकारी नोंदीतील त्याचे वर्णन आपोआप बदलत नाही. विमा मात्र एका विशिष्ट वर्णनाच्या वाहनाचा उतरवलेला असतो. या तफावतीत अपघात घडल्यास भरपाई कोणाला मिळणार, असा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची ऐतिहासिक घडण तपासण्याचा प्रयत्न केला आहे. भारतातील मोटार कायदा ब्रिटिश कायद्याच्या छायेत घडला असल्याने अखेरीस भारतीय तरतुदींचाही विचार केला आहे.

नोंदणी : ओळखीपासून वर्णनाकडे

ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कार कायद्याने वाहननोंदणी व क्रमांकपट्टी सक्तीची केली. अंमलबजावणी १ जानेवारी १९०४ पासून झाली. बेदरकार चालकाची ओळख पटावी, एवढाच तिचा मर्यादित हेतू होता. १९२० च्या रस्ते कायद्यानंतर प्रत्येक वाहनासोबत नोंदणीपुस्तक आले आणि वाहनाचा तपशील कागदावर स्थिरावला. १९७४ मध्ये स्थानिक परिषदांकडील हे काम स्वान्झी येथील केंद्रीय कार्यालयाकडे गेले.

वर्णनाला आर्थिक महत्त्व मात्र त्याआधीच प्राप्त झाले होते. १९४० मध्ये सुरू झालेला खरेदी कर प्रवासी मोटारींवर होता. मालवाहू व्हॅन त्यातून मुक्त होती. चालकामागील बाजूस खिडक्या व आसने बसविली की व्हॅनची प्रवासी मोटार होई आणि कर लागू होई. याच काळात फिरत्या घराची कल्पना लोकप्रिय झाली. जर्मनीत फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी वेस्टफालिया कंपनीने १९५१ मध्ये निवासाची सामग्री तयार केली. इंग्लंडमध्ये फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर कंपनीची डॉर्मोबाइल १९५२ पासून प्रसिद्धीस आली. कारखान्यात जे होऊ शकते ते घराच्या अंगणातही होऊ शकते, हे हौशी मालकांनी लवकरच ओळखले.

विम्याची दोन वचने

मोटार विम्यात दोन भिन्न वचने एकत्र नांदतात. पहिले वचन विमेदाराला दिलेले असते : तुझ्या वाहनाची हानी भरून देऊ. दुसरे त्रयस्थाला : या वाहनामुळे तुला इजा झाल्यास भरपाई देऊ. घरगुती कॅम्पर व्हॅनचा प्रश्न समजण्यासाठी हा भेद मूलभूत आहे.

पहिल्या वचनाचा पाया परमसद्भावाच्या तत्त्वात आहे. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ मध्ये कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात ते मांडले व १९०६ च्या सागरी विमा कायद्यात ते संहिताबद्ध झाले. जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक महत्त्वाची बाब विमेदाराने न विचारताही सांगितली पाहिजे, असा त्याचा अर्थ. व्हॅनमध्ये गॅसची टाकी, लाकडी अस्तर व जादा वीजजोडणी आल्यावर आगीची जोखीम बदलते. हे न सांगणारा मालक दावा गमावू शकत असे. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने, जो एप्रिल २०१३ पासून लागू झाला, हा भार हलका केला. खाजगी ग्राहकाने चुकीची माहिती न देण्याची वाजवी काळजी घ्यावी, एवढीच अपेक्षा उरली. प्रश्न विचारण्याची जबाबदारी कंपनीवर आली.

दुसऱ्या वचनाचा इतिहास वेगळा आहे. १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने त्रयस्थ विमा सक्तीचा केला. परंतु विमापत्रातील अटींचा भंग दाखवून कंपन्या जखमींना भरपाई नाकारू शकत. म्हणून १९३४ च्या कायद्याने वाहनाची स्थिती, त्यातील प्रवाशांची संख्या, वाहनावरील विशिष्ट उपकरणे इत्यादींविषयीच्या अटी त्रयस्थाविरुद्ध निष्प्रभ ठरविल्या. कंपनीने आधी भरपाई द्यावी व नंतर विमेदाराकडून वसूल करावी, असा मार्ग ठेवला. हे कवच पूर्ण नव्हते. माहिती लपविल्याच्या कारणावरून न्यायालयाकडून विमापत्र रद्द ठरवून घेण्याची वाट कंपनीला खुली होती. अपघातानंतर ही वाट वापरण्यास अखेर नोव्हेंबर २०१९ पासून बंदी आली.

२०१९ : बाह्यरूपाचा निकष

घरगुती रूपांतर पूर्ण झाल्यावर नोंदीत ‘मोटार कॅराव्हॅन’ असे वर्णन मिळविण्यासाठी झोपण्याची सोय, आसने व टेबल, स्वयंपाकाची व साठवणुकीची सोय हे अंतर्गत निकष प्रमुख मानले जात. २०१९ मध्ये स्वान्झी येथील कार्यालयाने बाह्यरूपाचे निकष ठळक केले : बाजूच्या खिडक्या, स्वतंत्र दार, उंच छप्पर, छत लावण्याचा दांडा, बाजूंवरील नक्षी. रस्त्यावर पोलिसांना वाहन पाहताच ओळखता आले पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. परिणामी आतून संपूर्ण घर असलेल्या अनेक गाड्या कागदोपत्री ‘खिडक्यांची व्हॅन’ राहिल्या. नोंदणीचा मूळ हेतू ओळख हाच होता, हे ध्यानात घेतल्यास हा निर्णय १९०३ च्या विचाराकडे परत जाणारा दिसतो. नोंद नाकारली तरी वाहन वापरण्यास मनाई झाली नाही. मालकाने झालेला बदल विमा कंपनीला कळविणे मात्र अधिक निकडीचे झाले.

भारतीय वळण

भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणाने त्रयस्थ विमा सक्तीचा केला. ते प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. कंपनीला उपलब्ध बचाव मर्यादित ठेवण्याची ब्रिटिश पद्धत येथेही आली व १९८८ च्या कायद्यात टिकली. वाहनातील बदल हा त्यात स्वतंत्र बचाव नाही. महत्त्वाची माहिती लपविणे हा मात्र आहे.

नोंदणीबाबत मात्र भारताने वेगळी दिशा घेतली. १९८८ च्या कायद्याच्या मूळ कलम ५२ नुसार मालकाने नोंदणी अधिकाऱ्यास पूर्वसूचना देऊन मान्यता घेतली की बदल करता येई. २००० च्या दुरुस्तीने उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांस मनाई केली. म्हणजे मोजपट्टी नोंदणी कार्यालयाच्या हातून उत्पादकाच्या हाती गेली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात ही मनाई ठामपणे उचलून धरली. रंगबदल व किरकोळ जोडण्या तेवढ्या वगळल्या. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने मालकाने केलेल्या बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. याउलट खाजगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला नोव्हेंबर २००४ च्या केंद्रीय अधिसूचनेने बिगर-परिवहन वाहनांत स्थान दिले आहे आणि मोटार कॅराव्हॅनच्या मान्यतेसाठी स्वतंत्र औद्योगिक मानकही आहे. वाहनप्रकार कायद्याला मान्य आहे; अंगणातील कारागीर मान्य नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून असे दिसते की, त्रयस्थाचे संरक्षण दोन्ही देशांत क्रमाक्रमाने वाहनाच्या वर्णनापासून अलग होत गेले. रस्त्यावरील पादचाऱ्याने व्हॅनमध्ये शेगडी होती की नव्हती याचे ओझे वाहू नये, हे तत्त्व योग्यच आहे. ते मान्य झाल्यावर मालकाच्या बदलांवर सरसकट बंदी घालण्याचे विम्याशी निगडित कारण दुबळे होते. उरते ते सुरक्षिततेचे कारण. त्यासाठी तपासणी व मान्यता हा १९८८ च्या मूळ कलमातील मार्ग उपलब्ध होता. मनाईमुळे बदल थांबतातच असे नाही, ते लपविले जातात. आणि लपविलेली माहिती हाच तर विमा कंपनीचा कायदेशीर बचाव आहे. मनाईचा भार अखेर जखमीवरच पडण्याची शक्यता यातून निर्माण होते, हे धोरणकर्त्यांनी लक्षात घेणे आवश्यक आहे.